नीलामावशीची परात

नीलाबाई गेल्याचं मला माझ्या मुलीनं सांगितलं. मी दुसरीच्या वह्या तपासत बसले होते. सानिका अलिबागला अकरावीला आहे, वसतिगृहात राहते, आणि एरवी तिचा फोन येतो तो काही हवं असलं तरच. त्या दिवशी फोन उचलला तर पलीकडून नुसता श्वास. मग म्हणाली, "आई, नीलामावशी गेली." कधी, कुठं, कशानं, हे विचारायचं सोडून मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "मावशीच्या वहिनीनं. मी दर शुक्रवारी फोन करते ना मावशीला, म्हणून त्यांना माझा नंबर लगेच सापडला." पुढं ती सांगत होती, सकाळी अंघोळीला जाता जाता छातीत कळ आली, श्रीवर्धनच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... पण मी नीट ऐकतच नव्हते. दर शुक्रवारी फोन करते ना, असं ती म्हणाली, जणू मला ते माहीतच आहे. मला माहीत नव्हतं.

माणूस गेलं की वाईट वाटतं, तसं मलाही वाटलं. नीलाबाईंचं वय जायचं नव्हतं. पण त्या वाईटाच्या आधी जे वाटलं ते मी इथं सरळ लिहिते, कारण मला गोडगोड लिहिता येत नाही आणि त्यांच्याविषयी तसं लिहिलेलं त्यांनाही चाललं नसतं. मला हेवा वाटला. जिवंतपणी वाटायचा तसाच, त्याच जागी. माझी मुलगी फोनवर हमसून हमसून रडत होती आणि माझ्या मनात आलं, मी गेल्यावर ही अशी रडेल का?

त्या आमच्या शाळेत आल्या तेव्हा सानू पहिलीत होती. आमची शाळा मुरुडची, प्राथमिक. निम्मी पोरं कोळीवाड्यातली, बाकीची मोहल्ल्यातली आणि नारळाच्या वाड्यांमधली. संस्थेनं ठरवलं की लहान मुलांसाठी समुपदेशक नेमायचा. शिक्षकांच्या खोलीत त्यावर बरंच हसं झालं. मी विचारलं, "समुपदेशक म्हणजे करतात काय?" आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चहा गाळत म्हणाल्या, "पोरांशी बोलतात." "मग आपण काय करतो?" "आपण त्यांना गप्प करतो," मोठ्या बाई म्हणाल्या. पालकांचं तर विचारूच नका. पहिल्याच आठवड्यात एक आई फाटकात मला अडवून म्हणाली, "बाई, माज्या पोराला त्या खोलीत का बसवला? त्यो काय येडा हाय?"

नीलाबाई मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. श्रीवर्धनहून एसटीनं दिघी, दिघीहून लाँचनं आगरदांडा आणि तिथून मिळेल त्या टमटमनं मुरुड. पावसात लाँच बंद झाली की मुरुडातच कुणाकडे तरी मुक्काम. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीतून अर्धी बाहेर आलेली पितळेची परात, कडेला पोचा आलेली. खेळाचं सामान ठेवायची खोली त्यांना दिली होती. त्यांनी दोऱ्या आणि रिंगा एका कोपऱ्यात सारल्या, चटई घातली आणि मध्ये परात ठेवली. झाली त्यांची खोली. आम्ही वाट बघत होतो की आता तक्ते येतील, रंगीत चित्रं येतील, प्रशिक्षणात आम्हाला दाखवतात तसलं काहीतरी. काही आलं नाही. आले ते वाल. आदल्या रात्री भिजवून, फडक्यात बांधून मोड काढलेले. परातीत कोमट पाणी, पाण्यात वाल. दोन बोटांत धरून दाबला की साल सुटते आणि पांढरी डाळिंबी टुपकन पाण्यात पडते. रायगडात वालाचं बिरडं खाल्लं नाही असं घर नाही, तेव्हा हे काम कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही. पोर आलं की चटईवर बसायचं, त्या शेजारी बसायच्या आणि दोघं सोलायची. खोलीचा नियम एकच, कोणी कोणाला काही विचारायचं नाही. काय झालं, कोणी मारलं, का रडतोस, काही नाही. पोराला बोलायचं असेल तर बोलेल. नाही बोललं तर डाळिंब्या तरी सोलून होतील.

मला ते बघून राग आला. खरं सांगते, राग याचा आला की हे मला माहीत होतं. आमच्या कोळीवाड्यात सुकट निवडायला बाया गोल करून बसतात तेव्हा दुसरं काय होतं? हात चालू असले, डोळे खाली असले की तोंड आपोआप उघडतं. माझी आई डोक्यावर पाटी घेऊन मुरुडच्या बाजारात मासळी विकायची. नवऱ्याचं, सासूचं, पोटातलं सगळं तिनं त्या सुकटीच्या ढिगापुढंच सांगितलं असेल, दुसरीकडे कुठं सांगणार? हे आमचं होतं, आमच्या अंगणातलं. नीलाबाईंनी त्यात सुकटीच्या जागी वाल घातले, त्याला पद्धत म्हटलं आणि त्याचा पगार घेतला. यासाठी एम. ए. कशाला लागतं, असं मी मोठ्या बाईंना म्हटलंही. त्या म्हणाल्या, "लागत नसेल. पण तुझ्या वर्गातली पोरं तुझ्याजवळ सुकट निवडायला बसत नाहीत ना."

त्याहून जास्त खटकली ती एक गोष्ट. त्या पोरांना म्हणाल्या, मला बाई म्हणू नका, मावशी म्हणा. शाळेत मावशी म्हणजे घंटा देणारी, संडास धुणारी, शी झालेल्या पोराला नळाखाली धरणारी. मी कोळीवाड्यातली पहिली पदवीधर. निकाल लागला तेव्हा आमच्या आळीत माझ्या फोटोचा फलक लागला होता, आणि आईनं बाजारात बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, "माजी पोर बाई होनार हाय, बाई." तो शब्द आम्हाला फुकट मिळालेला नाही. नीलाबाईंचं घर श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीतलं, आजोबांपासून सगळे मास्तर, प्राध्यापक, हापिसर. ज्यांच्या घरात बाई आणि सर दारापुढच्या चपलांसारखे पडलेले असतात त्यांना मावशी होणं परवडतं. मी मावशी होऊ नये म्हणून माझ्या आईची मान वाकडी झाली. हे नीलाबाईंना कळणार नाही असं मला वाटायचं. कळत असावं, कारण मला त्या न चुकता "तांडेल बाई" म्हणायच्या, कधी नावानं हाक नाही. पण कळून केलेली गोष्टही टोचतेच की.

माझ्या वर्गात रेहान नावाचा एक मुलगा होता. वडील आखातात गेले आणि हा चावायला लागला. दंडाला, खांद्याला, एकदा तर मधल्या सुटीत दुसऱ्याच्या कानाला. मी ओरडले, कोपऱ्यात उभं केलं, जवळ घेतलं, त्याच्या आईला बोलावलं, सगळं करून बघितलं. शेवटी तो मंगळवारी नीलाबाईंकडे गेला. किती आठवडे नुसता सोलत होता कोण जाणे. मग एक दिवस त्यानंच विचारलं म्हणे, मावशी, मला राग आला की मी चावतो, तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, "माझा राग मानेत येतो. मान दुखते. तुझा कुठं येतो?" त्यानं विचार करून सांगितलं, दातात. एवढंच. दुसऱ्या दिवशी माझा वजाबाकीचा तास चालू असताना हा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, दातात आलाय." मी म्हटलं, काय आलाय? "राग. मी बाहेर जाऊन बसू?" बाहेर व्हरांड्यात बसला, खांबाकडे तोंड करून, आणि थोड्या वेळानं आपणहून आत आला. चावला नाही. मग काय, वर्गभर साथ पसरली. "बाई, माझ्या पायात आलाय." "बाई, हिच्या नाकात आलाय, बघा कशी फुरफुरते." मी हसले, न हसून करते काय. पण रात्री जेवताना मी हिशेब करत बसले. त्या पोराचं बोट धरून पाटीवर र काढायला मी शिकवलं होतं. ईदला त्याच्या आईनं शीरखुर्म्याचा डबा पाठवला तो नीलाबाईंच्या खोलीत गेला. मला वर्गात वाटी आली. वाटी आली हे खरं... पण डबा तिकडं गेला.

पालकसभेत मात्र एकदा त्यांची चांगलीच कोंडी झाली. एक गृहस्थ उठून म्हणाले, "आमच्या मुलांकडून ह्या बाई घरच्या बिरड्याच्या डाळिंब्या सोलून घेतात. शाळेत पाठवतो ते काय ह्याला?" सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी खाली मान घालून बसले होते, पण कान टवकारलेले. वाटलं, आता बघू मावशी काय करते. मी असते तर भांडले असते. नीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा मुलगा मंगळवारी शाळेतली खिचडी जास्त खातो का?" गृहस्थ म्हणाले, "हो, खातो, त्याचं काय?" "डाळिंब्या त्यात जातात. स्वतः सोललेल्या. घरी वाल खातो का?" "नाव काढू देत नाही." यावर त्या गृहस्थांच्या बायकोनंच हसायला सुरुवात केली, आणि सभा मग त्यांच्या हातून सुटून नीलाबाईंची झाली. हेही मला येत नाही. माझी सभा नेहमी माझ्यावरच उलटते.

इथवर सगळं मी सहन केलं असतं. पण पुढच्या वर्षी दुसरीची एकच तुकडी भरली, ती माझ्याकडे आली, आणि सानू माझ्याच वर्गात. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, शाळेच्या फाटकाच्या आत मी तुझी बाई, आई नाही. ज्यांचे आईवडील शाळेत शिकवायचे अशा कोणालाही विचारा, हा नियम घरोघर होता आणि आहे. तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. बाईची पोर म्हणून पहिल्या बाकावर, बाईची पोर म्हणून मार्क, असं कोणी म्हटलेलं मी ऐकून घेतलं नसतं. आणि दुसरं असं की माझ्या मुलीनं मला बाई म्हणावं यात मला कुठंतरी बरंही वाटत होतं. माझ्या आईला कोणी बाई म्हटलं नव्हतं. "ए कोळणी" म्हणायचे.

सानूनं पहिल्यांदा शाळेत आई म्हणणं थांबवलं, ते ठीकच होतं. मग बाईही म्हणेना. पेन्सिल हवी असली, तहान लागली असली की टेबलापुढं येऊन उभी राहायची आणि बघायची. हळूहळू शाळेत तिचा आवाजच बंद झाला. घरी आली की तोंडाला खळ नाही. बाबा बोटीवरून कधी येणार, मांजरीनं काय केलं, सगळं सांगायची. फाटकाच्या आत मात्र कुलूप. एकदा शिक्षणविस्तार अधिकारी तपासणीला आले, वर्ग कविता म्हणत होता, आणि माझी मुलगी मध्ये उभी, ओठ मिटून. साहेबांनी विचारलं, "ही मुलगी बोलत नाही का?" मी म्हटलं, "बोलते." कोणाची आहे, ते सांगितलं नाही. त्याच दिवशी मोठ्या बाई मला म्हणाल्या, "तिला नीलाबाईंकडे बसव." मी म्हटलं, "माझी मुलगी आहे ती." "म्हणूनच सांगते," त्या म्हणाल्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती जायला लागली. मी काही ना काही निमित्त काढून त्या खोलीच्या खिडकीखालून जायचे. आत कोणी बोलत नसे. नुसतं टुप, टुप. घरी आल्यावर मी विचारायचे, मावशीशी काय बोललीस? ती म्हणायची, "सोललं." आणखी विचारलं की, "खूप सोललं." मग एका शुक्रवारी खिडकीतून हसू ऐकू आलं, सानूचं, पोट धरून हसते तसं. शाळेत तिचं हसू मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते भिंतीच्या अलीकडून. माझ्या मुलीनं मला बाई म्हणायचं टाकलं आणि त्या बाईला मावशी म्हणायला लागली. मावशी म्हणजे कोण? माझी बहीण. मला बहीण नाही, आणि असती तर मी निवडून घेतली असती.

त्याच संध्याकाळी मी स्कूटर काढली आणि आगरदांड्याच्या जेट्टीवर गेले. लाँच लागायची होती. नीलाबाई रिकामी परात मांडीवर घेऊन कठड्यावर बसल्या होत्या. मी बसलेसुद्धा नाही.

"ती काय बोलते तुमच्याशी?"

"बोलते आता."

"काय ते विचारलं मी."

"तांडेल बाई, ते तिचं आहे. ती देईल तेव्हा घ्या."

"मी आई आहे तिची."

"हो ना. म्हणून तर देईल."

"तुमचं बरं आहे. मंगळवार-शुक्रवार मावशी व्हायचं आणि लाँच पकडायची. ताप आला की रात्रभर उशाशी बसायला आम्ही."

त्या हसल्या. म्हणाल्या, "सोपंच आहे माझं. म्हणून तर तुमच्याइतका पगार देत नाहीत." भांडायला आलेल्या माणसाला असं उत्तर द्यायचं नसतं, त्यानं भांडण पुढं सरकत नाही. लाँच लागली, माणसं चढायला लागली. त्या उठल्या, परात पिशवीत सरकवली आणि फळीवर पाय ठेवता ठेवता म्हणाल्या, "एक करून बघा. फाटक फार जवळ आहे आणि घर फार लांब. मध्ये तुमच्या वाटेवर ते मोठं सुरूचं झाड आहे ना, किनाऱ्याला वळताना? तिथपर्यंत बाई. तिथून पुढं आई. तिला नक्की सांगून टाका." लाँच सुटली. मी तिथंच उभी. खाडीपलीकडं दिघीचे दिवे लागायला लागले होते. मला एवढंच वाटत होतं की माझ्या घरच्या वाटेवरचं झाड मला दाखवणाऱ्या ह्या कोण. त्या दुसऱ्या बाजूनं यायच्या, आमच्या वळणावर त्या कधी आल्याही नव्हत्या.

पण केलं. सानूला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्या पुढं पुढं चालत गेली, एक शब्द नाही. सुरूपाशी पोचल्यावर तिनं खोडाला हात लावला, मागं वळली आणि एवढ्या जोरात "आई" म्हणून ओरडली की वाळत घातलेल्या बोंबलांजवळच्या बायांनी माना वळवल्या. एकजण म्हणाली, "अगो, काय चावला का पोरीला?" पुढं पुढं तो खेळच झाला. आणि काही आठवड्यांनी वर्गात, सगळ्यांसमोर, माझ्या टेबलापुढं येऊन ती म्हणाली, "बाई, मला खोडरबर द्या." मी दिला. फळ्याकडे तोंड करून मी बराच वेळ तारीख लिहीत होते. आनंद झाला, झाला नाही असं कसं म्हणू? पण त्या आनंदाच्या आत एक खडा होता. माझ्या पोरीला माझ्याशी बोलायला शिकवलं ते तिसऱ्याच बाईनं. आणि ती त्या खोलीत काय बोलली, ते मला मिळालं नाही ते नाहीच.

पुढं काही वर्षांनी संस्थेनं ते पद बंद केलं. नीलाबाई परात घेऊन श्रीवर्धनला गेल्या त्या गेल्या. कधी लग्नात भेट, कधी बाजारात. माझ्या घरी त्यांचं नाव निघालं की सानूचे बाबा म्हणायचे, "त्यांचं नाव काढलं की तुझा आवाज बदलतो बघ." मला वाटलं होतं, सानूही विसरली असेल. दहावी झाली, अलिबागला गेली, आता मुलीला मैत्रिणी आहेत, मोबाईल आहे. शुक्रवार अजून चालू आहे हे कुठं माहीत होतं...

बातमीनंतरच्या रविवारी आम्ही दोघी श्रीवर्धनला गेलो, त्याच लाँचनं. घर सुपारीच्या वाडीत, अंगणभर सोललेली सुपारी वाळत घातलेली, तिच्यातून वाट काढत ओटीवर जायचं. बरीच माणसं होती आणि त्यातली अर्धी तरुण, आमच्याच शाळेतली. रेहान मुरुडहून मोटारसायकलवर आला होता. आता मिसरूड फुटलंय, उंच झालाय. मला बघून उठला, काही बोलायला गेला आणि थांबला. मग गळ्याला हात लावून म्हणाला, "बाई... इथं आलंय." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तरी माझ्या तोंडून निघालंच, "मी गेले तर येशील का रे असा?" तो गोंधळला. "तुम्ही कुठं चाललात, बाई?" शेजारची माणसं अशा प्रसंगी हसू नये म्हणून दुसरीकडं बघायला लागली.

त्यांची वहिनी मला म्हणाली, "तुम्हीच ना तांडेल बाई? तुमचं नाव निघायचं नेहमी." मी पुढं सरकून बसले. "काय म्हणायच्या?" "नाव निघायचं एवढंच. शाळेतलं काही ती घरात बोलायची नाही हो." गेल्यावरसुद्धा दार लावलेलं ते लावलेलंच. मग ती आत गेली आणि परात घेऊन आली. तीच, पोचा आलेली, चिंच लावून लख्ख घासलेली. म्हणाली, "ही सानिकाला द्यायची असं तिनं मागंच सांगून ठेवलं होतं." सानूनं दोन्ही हातांनी घेतली आणि छातीशी धरली. मला काही नव्हतं. का असावं? पण मनात आलं. परतताना लाँचवर ती माझ्या शेजारी बसली होती आणि तिच्या मांडीवर ती परात. आपल्यात म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. आमच्याकडं मावशी गेली आणि माय राहिली, आणि मायेनं करायचं काय, ते कोणी सांगितलेलं नाही.

सानू चार दिवस राहणार होती. परात तिनं स्वयंपाकघरातल्या फडताळावर उभी करून ठेवली, देव ठेवावा तशी. मी जाता येता तिच्याकडं बघायचे. शेवटी तिसऱ्या दिवशी दुपारी मी ती खाली काढली, आईकडून आलेला सुका जवळा तिच्यात ओतला आणि दारापुढच्या ओट्यावर निवडायला बसले. मुद्दाम केलं. नीलाबाईंचं घर अंड्यालाही न शिवणारं. जवळ्याचा वास काय असतो ते तुम्हाला माहीत असेल, पितळेला तर तो धरूनच बसतो. सानू बाहेर आली, बघून उभी राहिली. मी मान वर केली नाही. वाटलं, आता ही चिडणार. ती खाली बसली आणि हसायला लागली.

"मावशीच्या परातीत जवळा?"

"मग? परातच आहे ना."

"मावशी खायची गं जवळा."

"काहीतरीच."

"माझ्या डब्यातला. तू करून द्यायचीस ना, कांदा घालून, भाकरीबरोबर. अर्धा ती खायची. म्हणायची, तुझ्या आईला सांगू नकोस, मावशी पोरांच्या डब्यावर डल्ला मारते म्हणेल."

खिडकीतून ऐकलेलं ते हसू कशाचं होतं, ते तेव्हा मला कळलं. तिनंही परातीत हात घातला. जवळ्यात बारीक शंख असतात, काड्या असतात, एखादं वाळलेलं खेकड्याचं पिल्लू. ती आम्ही वेचत होतो. विचारायचं होतं मला, नऊ वर्षं जिभेवर होतं. पण मी काड्या वेचत राहिले. बऱ्याच वेळानं, डोळे खालीच, ती म्हणाली, "मी तिला काय सांगितलेलं माहिती आहे?" मी एक काडी काढून बाजूला ठेवली. "मला तुझ्या वर्गातल्या पोरांचा हेवा वाटायचा. तू त्यांची नाकं पुसायचीस. रेहानला मांडीवर घेऊन बसलेलीस एकदा. आणि मी समोर आले की म्हणायचीस, जागेवर जा. मला वाटायचं, ह्यांना माझी आई मिळते आणि मला बाई." एक शंख काढून तिनं बाजूला टाकला. "मावशीला म्हटलं, मला ह्या सगळ्यांना ढकलून द्यावंसं वाटतं."

"मग काय म्हणाली?" हे मात्र सुटलंच माझ्या तोंडून.

"म्हणाली, हेवा वाटतोय तर वाटू दे. तू सोल." ती हसली. "आणि मग एकदा म्हणाली, कुठपासून आई हवी ते तू सांग. मी म्हटलं, सुरूच्या झाडापासून."

जवळा निवडून झाला. मी परात उचलली, नळाखाली धरली. मग का मला नाही सांगितलंस, हे विचारायचं होतं, अगदी ओठांवर होतं. तीही माझ्याकडं बघत होती, मी विचारणार म्हणून. मी विचारलं नाही. सानूनं माझ्या हातातून परात घेऊन चिंच लावून दोनदा घासली. वास गेला नाही. मी म्हटलं, "राहू दे."

ती अलिबागला गेली त्याला आता काही आठवडे झाले. परात इथंच आहे, ती म्हणाली वसतिगृहात कुठं ठेवू. शुक्रवारी संध्याकाळी मी ती काढते, कधी वाल, कधी जवळा, काही नसलं तर तांदूळ. फोन वाजतो, तो मी परातीशेजारी ठेवते, आवाज मोठा करून. "आई, काय निवडतेस?" असं ती विचारते, आणि मग बोलते. मी काही विचारत नाही. हा फोन आधी दुसरीकडं जायचा, हे मला अजून विसरता येत नाही. वाटतो हेवा. वाटू देते.